अर्ज परत आला, आता काय?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, ४५ टक्के कर्णबधिर. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज कॉलेजकडून परत आला. पैसे बुडाले का? – एक आई, तासगाव

उत्तर : नाही, ताई. परत आलेला अर्ज म्हणजे नामंजूर अर्ज नव्हे. मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो. कॉलेजचा शेरा आधी नीट वाचा. बहुतेक वेळा घोळ नावाचाच असतो. दहावीच्या निकालपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ए, दुसरीकडे एकच. आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) आणि अर्ज तिन्ही समोर ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. यूडीआयडी नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी करून घ्या. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट तुम्ही पार केलीच आहे. कौटुंबिक उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवे, दाखला तहसीलदारांचाच.

खरी गोम बँकेत असते. पासबुकाला आधार जोडले म्हणजे झाले, असे नाही. अनुदान थेट खात्यात जमा होण्यासाठी (म्हणजे डीबीटीसाठी) राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या (एनपीसीआय) नोंदीत वेगळी जोडणी लागते, तिला बँकेत ‘सीडिंग’ म्हणतात. ‘डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करा’ असे स्पष्ट लिहून द्या, नंतर माय-आधारच्या संकेतस्थळावर स्थिती तपासा. तिथे दुसऱ्याच बँकेचे नाव दिसले, तर पैसे त्याच खात्यात जातील.

दुरुस्ती पाठवल्यावर कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाला प्रत्यक्ष भेटा. त्यांच्या पडताळणीशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही, आणि त्या पडताळणीलाही मुदत असते.