लक्षात राहिलेले पूल आणि त्यांच्या आधी पडलेले पूल

परदेशात फिरताना पाहिलेला कोणता पूल कायमचा लक्षात राहिला, असा प्रश्न आहे. एकच निवडायचा तर बोस्नियातल्या मोस्तारचा 'स्तारी मोस्त'. पण माझी आवड जरा विचित्र आहे. पूल किती लांब, किती उंच यापेक्षा त्याच्या आधी तिथे काय कोसळलं होतं हे कळलं की तो मला नीट दिसायला लागतो. त्यामुळे या उत्तरात सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल नाही. देखणा आहे, वादच नाही. पण त्याच्यावरून चालताना शेजारून गाड्या अशा सुसाट जातात की सोबतच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि पुलावर गेल्यावर पूलच दिसेनासा होतो.

मोस्तारला नेरेत्वा नदीवर एकच दगडी कमान आहे, काठापासून काठापर्यंत सुमारे २९ मीटरची. पाण्यात एकही खांब नाही. उस्मानी राजवटीत १५६६ साली मिमार हैरुद्दीन या स्थापत्यकाराने ती उभी केली. पूल मधोमध चांगलाच उंच आहे, म्हणजे आधी चढायचं आणि मग उतरायचं. दगड गुळगुळीत. पाय घसरू नये म्हणून आडव्या उंचट पट्ट्या आहेत, तरी उतरताना भलेभले कठड्याच्या आधाराने चालतात.

चारशेहून अधिक वर्षं टिकलेला हा पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी, बोस्नियातल्या युद्धात, क्रोएट सैन्याच्या तोफमाऱ्याने नदीत कोसळला. पुढे तळातून जुने दगड वर काढले गेले, पण त्यातले बहुतेक पुन्हा बसवण्याच्या लायकीचे उरले नव्हते. मग त्याच भागातला त्याच जातीचा दगड आणून, दगड लोखंडी आकड्यांनी जोडून त्यात वितळलेलं शिसं ओतायच्या जुन्या पद्धतीने कमान पुन्हा रचली. जुलै २००४ मध्ये पूल खुला झाला. हे कळल्यावर काही प्रवाशांचा हिरमोड होतो, 'म्हणजे नक्कलच की!' म्हणतात. मला ते पटत नाही. नदी तीच, दगड तोच, आणि दोन्ही काठांवरची माणसं पुन्हा त्याच वाटेने ये-जा करतात. पुलाकडून आणखी काय हवं? जवळच एका दगडावर इंग्रजीत एवढंच रंगवलंय: '९३ विसरू नका.'

आणि उड्या! उन्हाळ्यात पोहायच्या चड्डीतले तरुण कठड्याच्या बाहेर उभे राहतात. खाली वीस मीटरहून जास्त खोलवर बर्फगार पाणी. पण मनासारखे पैसे जमेपर्यंत कोणी उडी मारत नाही. आता मारेल, मग मारेल, असं करत गर्दीला झुलवत ठेवतात. ही घासाघीस मला प्रत्यक्ष उडीपेक्षा जास्त आवडली.

प्रागचा चार्ल्स पूल सगळ्यांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. त्याच्या आधीचा यूदिता पूल १३४२ च्या पुरात वाहून गेला, आणि १३५७ साली चौथ्या चार्ल्सने आजच्या पुलाचा पाया घातला. उजाडायच्या आत जा. नंतर तिथे फक्त इतरांच्या सेल्फी दिसतात.

लंडनचा मिलेनियम पूल पडला नाही, पण जून २००० मध्ये उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. गर्दी चालायला लागली की पूल किंचित आडवा हलायचा, तोल सावरायला लोक नकळत त्याच ठेक्यात पाय टाकायचे, आणि त्यामुळे तो आणखी हलायचा. हेलकावे शोषणारे डॅम्पर बसवून २००२ साली तो पुन्हा सुरू केला. आज त्यावर काहीच हलत नाही. खरं सांगायचं तर मी थोडा हलेल या आशेनेच गेलो होतो.

मोस्तारच्या खालोखाल माझ्या मनात बसलाय तो स्कॉटलंडचा फोर्थ रेल्वे पूल. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात टे नदीवरचा रेल्वे पूल धावत्या गाडीसकट कोसळला. गाडीतलं कोणीही वाचलं नाही. तो बांधणारे थॉमस बाउच फोर्थच्या खाडीवरही झुलता पूल बांधणार होते. ते काम अर्थातच त्यांच्या हातून गेलं. मग जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर यांनी असा पूल योजला की बघणाऱ्याला शंकाच राहू नये. लाल रंगाचे तीन अवाढव्य पोलादी सांगाडे, प्रत्येक ११० मीटर उंच, दोन्ही बाजूंना हात पसरून उभे. मुख्य गाळे ५२१ मीटरचे. १८९० साली पूल सुरू झाला, तो बांधताना सत्तरहून अधिक कामगार गेले. काहींना तो बेढब वाटतो. मला तो घाबरलेल्या लोकांचा विश्वास परत मिळवायला बांधलेला पूल वाटतो, आणि त्या कामाला असाच धिप्पाड पूल हवा होता.

बेकरने लोकांना तो समजावला तोही झकास. दोन माणसं खुर्च्यांवर हात पसरून बसवली, मधे काइची वातानाबे नावाच्या जपानी अभियंत्याला अधांतरी बसवलं आणि फोटो काढला. कँटिलिव्हर म्हणजे एकाच टोकाला आधार असलेला, पुढे पसरलेला हात; या पुलाची रचना तशीच आहे. हे मला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं, त्या फोटोवरून कळलं.

तिकडे जाणार असाल तर नुसतं गाडीतून पलीकडे जाऊ नका. डब्यातून फक्त पोलादाचे तुकडे सर्रकन मागे जाताना दिसतात. एडिनबरोहून गाडीने डालमेनी स्थानकावर उतरा, खाली साउथ क्वीन्सफेरीच्या धक्क्यावर चालत जा आणि तिथून बघा. पायात बळ असेल तर शेजारच्या १९६४ च्या रस्ता पुलावर पादचाऱ्यांसाठी वाट आहे, तिथून अख्खा रेल्वे पूल एका नजरेत मावतो. मात्र कानटोपी न्या, वारा तिथे फार बेकार असतो.