दोन हजारांत चाकूंचा सेट नको, दोन सुऱ्या आणि एक निसणा (धार लावायचा दगड) घ्या

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी पहिल्यांदाच घर सोडून पुण्यात आलात, डब्याला कंटाळून स्वयंपाक सुरू केलाय, तर दोन हजारांच्या आत चाकूंचा कुठला सेट घ्यावा. खरं सांगू का, कुठलाच घेऊ नका.

हे मी भोगलंय. बारा वर्षांपूर्वी कर्वेनगरात बिऱ्हाड थाटलं, तेव्हा लाकडी ठोकळ्यासकट सहा नगांचा सेट सेलमध्ये तेराशेला घेतला होता. कोणाचा ते सोडा. सहांत एक कात्री निघाली, एक सोलाणं, आणि एक लांब, निमुळती, अख्ख्या भाजलेल्या मांसाच्या चकत्या करायची सुरी. ती आमच्याकडे वर्षातून एकदा, वाढदिवसाचा केक कापायला बाहेर यायची. ठोकळा सिंकच्या शेजारी ठेवलेला. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या खाचांत बुरशी धरली. रोज हाताला लागणाऱ्या सुऱ्या दोनच होत्या आणि दिवाळीपर्यंत त्या दोन्हींनी टोमॅटो चिरण्याऐवजी चेपायला सुरुवात केली.

मग वैतागून रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. चांगला चाकू दाखवा म्हटलं, तर दुकानदार म्हणाला, "काय कापायचंय?"

"भाजी."

"कुठली?"

मला वाटलं, हा आपली फिरकी घेतोय. पण घरी येऊन महिनाभराची भाजी डोळ्यांपुढून घातली आणि पटलं. गवार हाताने मोडायची, मेथी निवडायची, वाटाणे सोलायचे, गाजर किसायचं. सुरीचं काम उरतं ते कांदा, टोमॅटो, बटाटा, मिरची, कोथिंबीर, कोबी, फ्लॉवर, वांगी, भेंडी आणि मधूनच कधी लाल भोपळा. एवढ्याला दोन पाती पुरतात. मांस-मच्छी दुकानातूनच तुकडे करून आणत असाल तर तिसरं लागत नाही. कोयता तर नकोच; त्याचं नाव पुण्यात हल्ली भलत्याच बातम्यांत येतं.

छोटीसाठी दातेरी घ्या, आठ ते अकरा सेंटिमीटर पात्याची. मी व्हिक्टोरिनॉक्सची प्लॅस्टिक मुठीची, गोल टोकाची टोमॅटोची सुरी वापरतो. 1884 साली सुरू झालेली ही स्विस कंपनी खिशात मावणाऱ्या लाल चाकूसाठी ओळखली जाते, पण माझ्या लेखी तिची खरी कमाल ही साधी सुरी आहे. मला साडेतीनशेच्या आसपास पडली होती. टोमॅटो, लिंबू, पाव, सगळं होतं, आणि दात असल्यामुळे दोन-तीन वर्षं धारेकडे बघावं लागत नाही. पुढे दात झिजले की घरी धार लावणं कठीण, तेव्हा ती सरळ बदलायची.

पैसे घालायचे ते मोठीवर, आठशेच्या आसपास. पातं 18 ते 20 सेंटिमीटरचं हवं. ओटा अरुंद असेल किंवा हात लहान असेल तर जपानी घडणीची सांतोकू बघा, ती 16-17 सेंटिमीटरमध्येही मिळते. तिची धार जवळजवळ सरळ असते, त्यामुळे आपल्यासारख्या वरून खाली कापणाऱ्यांना ती लवकर वश होते. दुकानात सुरी उचलल्यावर नावाआधी दोन गोष्टी बघा. मूठ धरून भाजी चिरायच्या पाटावर टेकवली तर बोटांची पेरं पाटाला घासतात का? घासत असतील तर परत ठेवा. दुसरं, पात्याची पाठ डोळ्यांसमोर धरून धारेकडे ते किती पातळ होत जातं ते बघा. हे कोणी सांगत नाही, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. जाड पात्याला कितीही धार लावा, गाजर कापलं जात नाही, फाटतं, आणि वरचा तुकडा उडून फ्रीजखाली जातो.

पोलादाबद्दल फार डोकं शिणवू नका. पात्यावर 1.4116 असा आकडा कोरलेला दिसला तर बिनधास्त घ्या. साधारण अर्धा टक्का कार्बन आणि 15 टक्के क्रोमियम असलेलं ते पोलाद आहे, युरोपातल्या रोजच्या वापराच्या कितीतरी सुऱ्या त्याच्याच असतात. कडकपणा रॉकवेल मापात 55-56 च्या आसपास. जपानी महागड्या सुऱ्या 60 च्या पुढे जातात आणि त्यांची धार टिकतेही जास्त, पण सुरणात अडकवून पिळली तर धारेचा टवका उडतो. मऊ पोलादाची धार नुसती वाकते आणि वाकलेली धार सरळ करता येते. शिकाऊ हाताला मऊच बरं.

पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आणि किंमत नऊशे, असं दिसलं की ती नक्षी वरवर छापलेली समजा. सिरॅमिकची पांढरी सुरी पहिल्या दिवशी झकास कापते, मग एकदा हातातून फरशीवर पडते. तिला घरच्या दगडावर धारही लागत नाही, हिऱ्याच्या कणांचा दगड लागतो.

आता थोडं विळीबद्दल. तुम्ही विचारलेलं नाही, पण आपल्यातल्या पुष्कळांची खरी अडचण तिथेच असते. विळीवर पातं जागेवर असतं आणि भाजी हलते. आई पाटावर पाय ठेवून बसते, दोन्ही हात मोकळे, कोबीचा गड्डा पात्यावर ढकलत जाते आणि टीव्हीकडे बघत केसासारखा बारीक कोबी पाडते. सुरीला हे सगळं उलटं आहे. आपण मात्र सुरी घेऊनही कांदा हातातच धरतो आणि अंगठ्याच्या दिशेने कापतो. काकडी चोचवायला ते ठीक आहे, चोचवलेल्या काकडीची कोशिंबीर किसलेल्या काकडीला येत नाही हे मी कुठेही लिहून देईन. पण बाकी भाजी पाटावर ठेवूनच कापा. मुठीच्या पुढे पात्याचं मूळ चिमटीत धरा, दुसऱ्या हाताची बोटं आत वळवून भाजीवर ठेवा, म्हणजे पातं पेरांना टेकून सरकतं आणि नखं मागे राहतात. पहिले पंधरा दिवस आईच्या निम्म्या वेगानेही होणार नाही. होऊ दे.

विळी घ्यायचीच असेल तर तुळशीबागेत खवणीवाली मिळेल. नारळाशिवाय चैन पडत नसेल तर ती घ्याच. लोखंडी पातं असेल तर धुतल्या धुतल्या कोरडं करून तेलाचा हात फिरवून ठेवा. कैरी-लिंबाने ते काळं पडतं, गंज मात्र धरू देऊ नका. फक्त भाड्याच्या घरात खाली बसून चिरायची सवय राहणार आहे का, तेवढं स्वतःला विचारा. माझी माळ्यावर आहे.

उरलेल्या पैशांत पाट आणि दगड. पाट लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा, तीन-चारशेचा. काचेचा दिसायला सुंदर असतो आणि सुरीचा कर्दनकाळ. ग्रॅनाइटच्या ओट्यावर कापणंही तसंच. आणि आपल्याकडची खास खोड म्हणजे स्टीलच्या ताटात कांदा चिरणं! प्रत्येक घावाला धार पोलादावर आपटते, मग महिनाभरात आपण सुरीला शिव्या घालतो. पाटाखाली ओलं फडकं अंथरा, तो सरकत नाही.

दगड म्हणजे निसणा. माझी आजी हाच शब्द वापरायची, दुकानात 'धार लावायचा दगड' म्हटलं की कळतं. सुतार रंध्याच्या पात्याला वापरतात तसा, एक बाजू खरखरीत आणि एक बारीक असलेला घ्या. बारीक बाजू 1000 नंबरच्या आसपासची असली तर उत्तम. चारशे रुपयांत बसायला हरकत नाही. दगड ओला करा, मोठ्या सुरीची पाठ साधारण करंगळीच्या जाडीइतकी वर उचला आणि तोच कोन सांभाळत एका बाजूने घासत राहा. दुसऱ्या बाजूला बोट आडवं फिरवल्यावर बारीक खरखर लागली की बाजू बदला. शेवटी दोन्हीकडून हलके हात. पहिल्यांदा अर्धा तास जाईल, नंतर दहा मिनिटं. झालं की पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती ठेवून दाब न देता ओढा. साल सुटली की झालं. मधल्या दिवसांत धार जराशी मंदावली तर चिनी मातीचा कप उलटा करा, बुडाच्या कडेला झिलई नसलेली खडबडीत पट्टी असते, तिच्यावर चार-पाचदा दोन्ही बाजू फिरवा.

सोसायटीत सायकलवर चाक बसवून येणारा धारवाला असेल तर जुनी विळी, कात्री त्याला जरूर द्या. नवी सुरी मात्र देऊ नका. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर ठिणग्या उडतात, पातं तापतं, धारेजवळचं पोलाद मऊ पडतं, शिवाय वर्षांची झीज एका मिनिटात होते. सुरी खाचेत घालून ओढायची दोन खाचांची यंत्रंही माझ्या मते अशीच, पण काहीच न करण्यापेक्षा ती बरी.

धारदार सुरीची भीती वाटत असेल तर भोथट सुरीने सिमला मिरची कापून बघा. गुळगुळीत सालीवरून ती घसरते, आपण जोर लावतो आणि बोट मध्ये येतं. मला पडलेले दोन्ही टाके त्या तेराशेच्या सेटच्या काळातले आहेत. धार असेल तर कांदाही डोळ्यांना कमी झोंबतो, कारण तो चेचला जात नाही. लाल भोपळा सगळ्यात दगाबाज: आधी मोठ्या सुरीने एका बाजूची चकती उडवा, ती सपाट बाजू खाली ठेवा आणि मगच अर्धा करा.

धुऊन लगेच पुसायची आणि सिंकमध्ये भांड्यांच्या खाली कधी सोडायची नाही. कामाला मावशी येत असतील तर त्यांच्यासाठी तरी. ठोकळ्याऐवजी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचं म्यान करा, खणात छान राहते.

आणि घरात आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेला मोडका चाकू सापडला, तर तसाच कचऱ्यात टाकू नका. जाड कागदात गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरांत 'सुरी' लिहा आणि वेगळा हातात द्या. 'स्वच्छ' या पुण्यातल्या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई तुमचा कचरा हातानेच वेगळा करतात.