भरावभूमीचा परवाना कोणाचा आणि त्या परवान्यावर नजर कोणाची?

प्रश्न : शेजारच्या नगरपरिषदेची घनकचऱ्याची भरावभूमी, म्हणजे कचरा कायमचा पुरण्याची जागा, आमच्या वाडीच्या वरच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या माळावर) होणार, असे कळते. सड्याच्या पायथ्याशी आमच्या विहिरी आणि एक बारमाही पऱ्या (ओहोळ) आहे. अमेरिकेत असलेला माझा पुतण्या म्हणतो की, तिकडे राज्यांच्या परवाना पद्धतीलाच केंद्राची मंजुरी लागते. ही मंजुरी नेमकी कशाची, आणि आपल्याकडे तशी काही तरतूद आहे काय? (एक वाचक, राजापूर तालुका)

उत्तर : पुतण्याचे म्हणणे खरे आहे. मात्र ही मंजुरी एखाद्या जागेला मिळत नाही. ती राज्याच्या सबंध परवाना यंत्रणेला मिळते, हे आधी ध्यानात घ्यावे. अमेरिकेच्या 1976 च्या कचराविषयक कायद्यात 1984 साली दुरुस्ती झाली आणि प्रत्येक राज्याने नागरी कचऱ्याच्या भरावभूमींसाठी स्वतःची परवाना पद्धत उभारावी, असे बंधन आले. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, ऑक्टोबर 1991 मध्ये किमान निकष जाहीर केले. तळाशी दोन फूट दाबून बसवलेली माती व तिच्यावर प्लास्टिकचे अस्तर असावे, कचऱ्यातून झिरपून अस्तरावर साचणारे काळे पाणी 30 सेंटिमीटरच्या वर चढू नये, दिवसाअखेर कचऱ्यावर सहा इंच माती पडावी आणि भरावभूमी बंद झाल्यावरही 30 वर्षे तिची देखभाल व्हावी, हे त्यांपैकी ठळक.

राज्याचा अर्ज आला की ईपीए मुख्यतः चार गोष्टी तपासते : परवाना देण्याचा कायदेशीर अधिकार राज्याकडे आहे काय, परवाना देताना लोकांचे म्हणणे ऐकले जाते काय, प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी करण्याची व्यवस्था आहे काय, आणि नियम मोडणाऱ्यावर कारवाई करता येते काय. निर्णयाआधी नागरिकांकडून हरकती मागवल्या जातात. मंजुरी मिळालेल्या राज्याला काही सवलतीने वागता येते. उदाहरणार्थ, ठराविक अंतरावर भूजल दूषित होणार नाही असे सिद्ध झाल्यास वेगळ्या रचनेचे अस्तर मान्य करता येते. ज्या राज्याला मंजुरी नाही, तेथे केंद्राचे निकष भरावभूमीच्या मालकावर थेट आणि जसेच्या तसे लागू होतात, आणि ते मोडल्यास सामान्य नागरिकही न्यायालयात जाऊ शकतो. मला या सगळ्या व्यवस्थेत हाच भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण राज्याने दिरंगाई केली म्हणून निकष लोंबकळत राहत नाहीत.

आपल्याकडे मात्र अशी मंजुरीची पायरी नाही. केंद्राने 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 2000 साली आणि पुन्हा 2016 साली घनकचऱ्याचे नियम केले आणि प्राधिकारपत्र (भरावभूमी चालवण्याची परवानगी) देण्याचे काम थेट राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे सोपवले. मंडळाकडे पुरेशी माणसे आहेत का, ती पावसाळ्यात जागेवर जातात का, हे पाहून मगच त्याला अधिकार द्यावा, अशी अट त्यात नव्हती. म्हणून आपल्याला कागद स्वतःच मागावे लागतील. नगरपरिषदेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून प्राधिकारपत्राची प्रत, त्यातील अटी आणि जागेचा भूजल अहवाल मागवावा. अनेक गावांची मिळून सामायिक सुविधा असेल, तर 2006 च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेनुसार साधारणपणे जनसुनावणी होते आणि तिची सूचना किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते.

भूजल अहवाल हाती आला की आधी त्याची तारीख पाहा. 2016 च्या नियमांप्रमाणे (2026 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) भरावभूमीच्या तळाच्या मातीच्या थरापासून भूजलाची कमाल पातळी किमान दोन मीटर खाली हवी होती, आणि यातला ‘कमाल’ हाच कळीचा मुद्दा आहे. सड्यावर एप्रिल-मे महिन्यांत खणलेला चाचणी खड्डा कोरडाच निघणार. जांभा दगड सच्छिद्र आणि भेगाळ असतो. आषाढ-श्रावणात वर पडलेले पाणी त्यातून सरळ खाली उतरते आणि खालच्या चिकणमातीच्या थरावर अडून सड्याच्या कडेला झरा म्हणून बाहेर पडते. आपला पऱ्या बहुधा अशाच पाण्यावर बारमाही वाहत असावा. तेव्हा ऑगस्टमधील मोजमाप नसेल, तर तो अहवाल अपुरा आहे, असा लेखी आक्षेप नोंदवावा. पिण्याच्या पाण्याच्या विहिरी व वस्तीपासून 200 मीटर आणि नदीपासून 100 मीटर अंतराची अटही त्याच नियमांत होती, पण जांभ्यात पाणी कुठून कुठे निघेल ते असे फितीने मोजून सांगता येत नाही. म्हणून भूजलाच्या मुद्द्यावरच भर द्यावा.

प्रश्न : अमेरिकेत छोट्या भरावभूमींना अस्तरातून सूट मिळते, असे वाचले. आमच्या नगरपंचायतीचा कचराही थोडाच आहे. आम्हाला अशी सूट का मागता येऊ नये? (एक नगरसेवक, सिंधुदुर्ग जिल्हा)

उत्तर : सूट आहे, पण ती कोणाला हे पाहा. दिवसाला 20 टनांहून कमी कचरा, भूजल दूषित झाल्याचा पुरावा नसणे आणि दुसरा व्यवहार्य पर्याय नसणे, यांबरोबरच वर्षाचा पाऊस 25 इंचांपर्यंतच, म्हणजे सुमारे 635 मिलिमीटर, असावा लागतो. नाहीतर बर्फासारख्या कारणाने दरवर्षी सलग तीन महिने रस्ते बंद पडावे लागतात. आपल्याकडे तेवढा पाऊस एकट्या जुलैत होऊन जातो. शिवाय या सवलतीतील भूजल तपासणीची माफी न्यायालयाने 1993 साली रद्द केली होती, आणि 1996 साली कायदा करून ती परत आणावी लागली.

कचरा थोडा असेल तर भरावभूमीपर्यंत कमीत कमी काय जाईल, याचा विचार करणे आपल्या हाताशी आहे. ओल्या कचऱ्याचे खत किंवा बायोगॅस आणि सुक्याचे घरपातळीवर वर्गीकरण, हा मार्ग आपल्याच जिल्ह्यात वेंगुर्ले नगरपरिषदेने चोखाळला आहे. तेथील मुख्याधिकाऱ्यांशी बोलून एकदा प्रत्यक्ष केंद्र पाहून यावे. भरावभूमी टाळता आलीच नाही, तर पावसाळ्यापूर्वी कचऱ्यावर मातीचा जाड मधला थर टाकण्याची आणि पावसाचे पाणी वळवणाऱ्या गटारांची तरतूद निविदेत वेगळ्या बाबी म्हणून दाखवून घ्यावी, कारण ‘इतर कामे’ या शीर्षाखाली गेलेली माती मृगापूर्वी जागेवर क्वचितच पोचते.