हिब्रू संदेष्टे लोकांना आपलं म्हणणं पटवायचे तरी कसे?

प्राचीन इस्राएली लोकांचे संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, नुसत्या शापवाणीच्या धाकावर लोकांना वळवायचे का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. धाक होताच, पण त्यांच्यातले मुरलेले वक्ते आधी ऐकणाऱ्याच्याच तोंडून निकाल वदवून घेत. निकाल कुणाविरुद्ध लागला, ते मागाहून कळे.

नाथान संदेष्ट्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. दावीद राजाने दुसऱ्याची बायको बळकावली होती, तेव्हा नाथानाने त्याला एक गोष्ट सांगितली. श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी कापली, हे ऐकून दावीद भडकतो, असल्याला मरणच हवं म्हणतो. नाथान सांगतो, तो माणूस तूच. पण तिथे समोर एकटा राजा होता. जमावाला असं पकडून दाखवलं ते आमोसाने.

आमोस दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातल्या तकोवा गावचा मेंढपाळ. इ. स. पू. आठव्या शतकात, दुसऱ्या यराबाम राजाच्या भरभराटीच्या काळात, तो यराबामाच्या, उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात जाऊन बोलला. म्हणजे उपराच. त्याच्या ग्रंथात आधी शेजाऱ्यांचे गुन्हे येतात: दिमिष्क (दमास्कस), मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. गिलादातल्या गर्भवतींची पोटं फाडणारे अम्मोनी, अदोमच्या राजाची हाडं जाळून चुना करणारे मवाबी. दर वेळी ठेका तोच: तीन अपराधांबद्दल, नव्हे, चार अपराधांबद्दल. श्रोते माना डोलावत असणार. सातवं नाव यहूदाचं (हा भाग नंतर घातला, असं काही अभ्यासक मानतात), तिथे तर उत्तरेकडच्यांना गुदगुल्याच. आठवं नाव इस्राएल, म्हणजे ऐकणारे स्वतःच.

आणि आता आरोप लढाईतले नाहीत. वहाणांच्या एका जोडापायी गरिबाला विकता, गहाण घेतलेली वस्त्रं वेदीशेजारी अंथरून त्यांवर लोळता. नियमशास्त्र, म्हणजे त्यांचे धर्मनियम, सांगे की गरिबाचं गहाण पांघरूण सूर्यास्ताआधी परत करा. रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरं काय असणार? पोटं फाडणाऱ्यांच्या पंगतीला आमोसाने ही सावकारी बसवली, आणि माना डोलावणाऱ्यांना आता हरकत तरी कुठल्या तोंडाने घेता येणार!

पटलं का? उत्तरेतल्या बेथेलच्या देवस्थानाचा याजक (पुजारी) अमस्या याने राजाला कळवलं की याचं बोलणं देशाला सोसवत नाही, आणि आमोसाला सुनावलं, यहूदात जाऊन तिथे पोट भर.

कधी मात्र शब्द उशिरा कामी येत. यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त होईल म्हटल्यावरून यिर्मया संदेष्ट्याला लोक मारायला निघाले, तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच्या मीखा संदेष्ट्याची आठवण काढली: तोही म्हणाला होता, सियोन (यरुशलेम) शेतासारखी नांगरली जाईल, पण हिज्कीया राजाने त्याला मारलं नाही, उलट देवाची करुणा भाकली. यिर्मया वाचला.