सामूहिक वनस्रोताचा दावा फेटाळला, आता हायकोर्ट का?

प्रश्न: आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, अनुसूचित क्षेत्रात आहे. ग्रामसभेचा सामूहिक वनस्रोताचा, म्हणजे गाव परंपरेनं वापरत आलेल्या जंगलाचा, दावा उपविभागीय समितीनं फेटाळला. कारणं तीन: गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती (वनखात्यानं गावकऱ्यांसोबत जंगल राखायला केलेली) आहे, पडताळणी अहवालावर वनरक्षकाची सही नाही, आणि जंगलाच्या दोन कक्षांवर (वनखात्यानं आखलेल्या तुकड्यांवर) शेजारच्या गावाचाही दावा आहे. पत्र मिळून 35 दिवस झाले. हायकोर्टात जावं का?

उत्तर: आत्ता नको. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 6(4) प्रमाणे 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करता येतो. मुदत पत्र मिळाल्यापासून नव्हे, आदेशावरच्या तारखेपासून मोजा, म्हणजे धोका राहत नाही. 30 दिवसांची वाढ मिळू शकते, पण ती समितीच्या मर्जीवर आहे; तिच्या भरवशावर राहू नका.

पहिलं कारण टिकणारं नाही. संयुक्त वन व्यवस्थापन 1990 च्या परिपत्रकातून आलं. ती प्रशासकीय व्यवस्था आहे. कलम 3(1)(झ) मधला जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क संसदेनं दिलेला आहे. वनखात्याची समिती आहे म्हणून तो हक्क बुडत नाही.

सहीचा मुद्दा कागदावर ठरेल. पडताळणीची तारीख आणि वेळ वन व महसूल खात्यांना लेखी कळवल्याची पोच आहे का? ती असेल तर या कायद्याखालच्या नियमांतल्या नियम 12-अ(2) प्रमाणे दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे यायला हवा. दुसऱ्यांदाही त्यांचा प्रतिनिधी आला नाही, तर पडताळणीवर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. तोंडी निरोप दिला असेल तर बाजू लंगडी पडते, आणि बहुतेक गावं इथंच अडकतात. तेव्हा आता पोच घेऊनच पुन्हा नोटीस द्या.

कक्षांचा वाद मात्र खरा आहे. दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी (दावे तपासायला ग्रामसभेनं निवडलेल्या) एकत्र बसून कोण कुठं चराई करतं, तेंदू, मोहफूल कोण वेचतं, हे लिहून आपापल्या ग्रामसभेपुढे ठेवायचं. एकमत झालं नाही तर वाद उपविभागीय समितीकडे जातो. त्यासाठी सगळाच दावा फेटाळणं चूक आहे. दावा अपुरा वाटला तर तो फेटाळण्याऐवजी फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावा, असं नियम 12-अ(6) सांगतो.

अर्जात हीच मागणी करा: आदेश रद्द करून दावा ग्रामसभेकडे परत पाठवावा आणि सुनावणी द्यावी. सोबत आदेशाची प्रत, नमुना 'क' (सामूहिक वनस्रोताच्या दाव्याचा अर्ज), नोटिशींच्या पोचा, निस्तारपत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची जुनी सरकारी नोंद), वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. ठरावाच्या सभेला किमान निम्मे सदस्य हवेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. सह्यांची यादी ठरावालाच लावा. जिल्हाधिकारी या समितीचे अध्यक्ष असतात. अर्ज त्यांच्या कार्यालयात देऊन तारखेचा शिक्का घ्या.

तिथंही नकार आला, तर अनुसूचित क्षेत्रासाठी 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनुसार विभागीय समितीकडे (जिल्हास्तरीय समितीच्या वरची) अपील आहे. हायकोर्टाचा विचार त्यानंतर.