सोलापूरहून चार-पाच दिवस निवांत राहायला, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेलं गाव कुठलं?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण चार वर्षांपूर्वी मी हेच शोधत होतो. तुम्हाला परदेशातल्या फोटोंत असतं तसं वाळूच्या लांबट बेटावरचं छोटं गाव हवं, सोबत गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा, दगदग नको आणि पाचव्या दिवशी सोलापुरात परत. माझं उत्तर देवबाग. मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या पुढे.

नेमकं बोलायचं तर देवबाग हे बेट नाही. आपण शाळेत भूगोलात ज्याला वाळूचा दांडा म्हणायचो, तो हा. कर्ली नदी सह्याद्रीकडून येते, समुद्राच्या अगदी जवळ पोचते, पण तिथल्या तिथे त्याला मिळत नाही. लाटांनी किनाऱ्याला समांतर आणून टाकलेली वाळू आडवी येते, म्हणून नदी दक्षिणेला वळते आणि काही किलोमीटर समुद्राच्या शेजारून वाहत जाऊन भोगव्यासमोर त्याला मिळते. नदी आणि समुद्र यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर माडांत लपलेलं गाव म्हणजे देवबाग. काही ठिकाणी इतकं अरुंद, की एका किनाऱ्यावर चहा घेऊन निघालात तर दुसऱ्या किनाऱ्यावर पोचेपर्यंत तो गरम असतो. पश्चिमेला लाटा, पूर्वेला काचेसारखं सपाट पाणी. तुम्ही फोटोत जे बघितलंय ते हेच, फक्त एका टोकाने जमिनीला चिकटलेलं. चिकटलेलं आहे तेच बरं, गाडी थेट दारापर्यंत जाते.

आता प्रवास. सोलापूर ते कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, मंगळवेढा–सांगोला–मिरज. रस्ता आता चांगला आहे. तिथून पुढे घाट उतरून कणकवली, कसाल, मालवण. सगळं मिळून चारशेच्या घरात जातं. एका दमात होतं, मी केलंय, आणि म्हणूनच सांगतो की करू नका. सकाळी सहाला निघालो, घाटात मुलीला दोनदा उलटी झाली, संध्याकाळी पोचलो तेव्हा समुद्र बघायचं कुणाच्या मनात नव्हतं. दुपारी निघा, रात्री कोल्हापुरात मुक्काम करा आणि सकाळी पोटात हलकं काहीतरी घालून घाट उतरा. फोंडा की करूळ, हे आदल्या रात्री कोल्हापुरात विचारूनच ठरवा. दुरुस्तीसाठी वाहतूक वळवणं इकडे नवीन नाही.

रेल्वेचा विचार सोडा. कोकण रेल्वे सह्याद्रीच्या पलीकडे आणि आपण अलीकडे, त्यामुळे गाड्या बदलत लांबचा वळसा पडतो. विमानाचा पर्याय मात्र आता आहे. जून २०२५ मध्ये सोलापूर–गोवा विमान सुरू झालं. ते मोपाला उतरतं आणि मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला, सिंधुदुर्गाला लागूनच आहे. तिथून टॅक्सीने साधारण दोन-अडीच तास. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करता हे परवडत असेल तर बघा, पण विमान रोज असेल असं गृहीत धरू नका. वेळापत्रक पाहूनच खोली ठरवा.

खोली ठरवताना बहुतेक जण समुद्राकडची मागतात. मीही मागितली होती. पहिल्या वेळी फोटो पाहून पैसे भरले आणि प्रत्यक्षात खिडकी उघडली तर समोर जनरेटर. समुद्र होता, पण मान वाकडी करून बघावा लागायचा. दुसऱ्या वेळी खाडीच्या बाजूला एका घरगुती न्याहारी-निवासात उतरलो आणि तेव्हा कळलं की निवांतपणा तिकडे आहे. समुद्राची गाज रात्रभर येते, ती पहिल्या रात्री छान वाटते, तिसऱ्या रात्री म्हातारी माणसं उठून बसतात. खाडीकडे पहाटे होडीच्या वल्ह्याचा आवाज येतो, तेवढाच. आणि समुद्र कुठे पळून जातो? रस्ता ओलांडला की आहेच. फोनवर दोनच गोष्टी पक्क्या विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, आणि कमोड आहे का. एसीचं नंतर बघता येईल.

जेवणाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण सोलापूरच्या घरात हा प्रश्न असतोच. माझी आई माळकरी. कांदा-लसूण चालतो, मासळीचा वाससुद्धा चालत नाही. मालवणात हिचं कसं होणार म्हणून मी वीसेक कडक भाकऱ्या आणि शेंगांच्या चटणीचा डबा बांधून नेला होता. घरमालकीण काकूंनी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात नेऊन दाखवलं. म्हणाल्या, "आवशीक सांगा, माशांची भांडी येगळी आसत." मग काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, तांदळाची भाकरी, सोलकढी. आई पाच दिवस मजेत जेवली आणि माझा डबा काकूंच्या घरी संपला. शेंगांची चटणी त्यांनी पेजेबरोबर खाल्ली. आपल्याकडे ऐकलं तर कुणी नाक मुरडेल, पण मी चाखून पाहिली, लागते बरी. तुमच्याकडे मासे चालत असतील तर तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं सोडू नका. सुरमई-पापलेट सोलापुरातही मिळतात, तसा बांगडा मिळत नाही.

एक गोष्ट मी कुठल्याच जाहिरातीत वाचली नव्हती. काकूंच्या परसात विहीर होती, समुद्रापासून दीड-दोनशे पावलांवर. आईने ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघितलं. "एवढा समुद्र शेजारी, आन् हिचं पाणी गोडं कसं रे?" आपण सोलापूरचे, पाण्याचा विषय निघाला की कान टवकारतातच. काकूंच्या यजमानांनी समजावलं ते असं: पावसाचं पाणी वाळूत मुरतं, आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर साय धरावी तसं तरंगत राहतं. विहीर त्या सायीपुरतीच खोल ठेवायची. पंप लावून जोरात उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं, आणि एकदा विहीर मचूळ झाली की पुढचा पाऊस नीट मुरेपर्यंत वाट बघायची. सिंधुदुर्ग किल्ल्यात भर समुद्रात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत, त्याचं नवल आपण शाळेपासून ऐकतो. इथे प्रत्येक परसात तेच चाललंय. शेजारच्या खोलीतली माणसं वाळूचे पाय धुवायला नळ सोडून गप्पा मारत उभी होती. आईने जाऊन नळ बंद केला. काही बोलली नाही, नुसता बंद केला.

दुसरी मजा भरती-ओहोटीची. तुम्ही मुलाला खाडीच्या तोंडाजवळच्या वाळूच्या बेटावर नेणारच, सगळे नेतात. तिथे सुनामी आयलंड म्हणून जलक्रीडांचा बाजार भरतो. ओहोटीला वाळू मोकळी होते, भरतीला पाण्याखाली जाते, त्यामुळे वेळ महत्त्वाची. यजमानांनी आईला जुना हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. जागेप्रमाणे तास-दीड तास इकडेतिकडे होतो. माळकरी बाईला तिथी विचारावी लागत नाही. पाचही दिवस आई बोटांवर हिशेब करून आम्हाला ओहोटी सांगत होती, आणि नातीला तर वाटलं आजीच समुद्र चालवते. होडीवाल्याला मात्र विचाराच, हिशेब मजेपुरता. आणि नदी-समुद्राच्या संगमाजवळ पाण्यात अजिबात उतरू नका. वरून शांत दिसतं, ओढ जबरदस्त असते. डुंबायचं तर काकूंना विचारून, गावातली पोरं जिथे डुंबतात तिथे.

बघायचं काय? शक्य तितकं कमी. पहिल्या सहलीत मी दोन दिवसांत किल्ला, डॉल्फिन, निवती, भोगवे, वेंगुर्ला आणि वर गोव्याला टेकून येणं एवढं कोंबलं होतं. फोटो भरपूर आले, आठवत काही नाही. दुसऱ्या वेळी दिवसाला एक गोष्ट, तीही जेवणाआधी संपवायची, असं ठरवलं. सिंधुदुर्ग किल्ला बघण्यासारखा आहे यात वाद नाही. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतला, आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. पण होडीत चढणं-उतरणं आणि आतलं ऊन गुडघ्यांना झेपत नाही. आईला मी मोरयाच्या धोंड्याकडे नेलं. मालवणच्या किनाऱ्यावरच्या या खडकावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. किल्ल्याच्या बांधकामाआधीची पूजा महाराजांनी इथे केली असं सांगतात. तिथून किल्ला समोर पाण्यात दिसतो. आई तासभर बसली. आम्ही बाकीचे तेवढ्यात किल्ला बघून आलो.

बाकी एक गोष्ट जमलीच तर बघा, रापण. होडीतून अर्धवर्तुळात मोठं जाळं सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून वीस-तीस माणसं ओढतात. तास-दोन तास चालतं. आमच्या मुलीने शेवटच्या टप्प्यात दोराला हात लावला तर एका आजोबांनी तिला रांगेत जागा करून दिली. जाळं वाळूवर आलं तेव्हा आत तारली, थोडे बांगडे आणि ढीगभर बारीकसारीक. वाटे घालताना तिच्या हातात दोन तारल्या ठेवल्या. दोर ओढला त्याचा वाटा. माळकरी आजीपुढे त्या घेऊन जायचं धाडस तिला झालं नाही, काकूंच्या मांजराने सोडवलं. यांत्रिक नौका आणि एलईडी लावून होणाऱ्या मासेमारीमुळे रापणकरांना पहिल्यासारखं मिळत नाही, हे तुम्हाला तिथे प्रत्येक जण सांगेल. उभं राहून ऐकून घ्या.

समुद्राच्या बाजूला मोठमोठे दगड रचलेले दिसतील, तो धूपप्रतिबंधक बंधारा. फोटो खराब होतो म्हणून लोक कुरकुरतात. पण वाळूची पट्टी म्हणजे लाटांनी आणून ठेवलेली वस्तू, त्या परतही नेतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मालवण भागात मोठं नुकसान झालं. तुम्ही ज्या परदेशी बेटांचे फोटो बघताय तिथेही हेच आहे. अमेरिकेत गॅल्व्हस्टन नावाचं असंच वाळूच्या बेटावरचं गाव १९०० सालच्या वादळात उद्ध्वस्त झालं, त्यानंतर तिथे १७ फूट उंच भिंत बांधली आणि गावाची जमीन भर घालून वर उचलली. तेव्हा दगड दिसले तर नाराज होऊ नका. वाळू हवी तर ओहोटीला संगमाकडे किंवा होडीने पलीकडे भोगव्याला.

कधी जावं? जून ते ऑगस्ट नाहीच, होड्या बंद असतात. मे महिन्यात सोलापूरच्या ४४ अंशांतून सुटका होईल असं वाटतं, पण तिथला घाम बघून आपलं कोरडं ऊन बरं म्हणाल. नाताळ ते ३१ डिसेंबर गर्दी आणि दर, दोन्हींसाठी टाळा. संक्रांत आणि गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे, मुख्य दिवस आटोपले की जानेवारीचा दुसरा पंधरवडा सगळ्यात छान, फक्त २६ जानेवारीला जोडून सुट्टी येत असेल तर ते दिवस सोडा. पहिलीतलं पोर चार दिवस शाळेत गेलं नाही तर काही बिघडत नाही, बाईंना सांगा आणि मोकळे व्हा.

निघायचा दिवस मात्र सोलापुरात घरच्या नळाला पाणी येऊन गेल्यानंतरचा धरा. आम्ही एकदा गडबडीत पाणी यायच्या आदल्या दिवशी निघालो. परत आलो तर वाळूने भरलेले कपडे, आंघोळीला रांगेत चार माणसं आणि टाकी कोरडी.