वाचकांचे प्रश्न : थंडीच्या दिवसांत गाडीची काळजी

प्रश्न : माझी डिझेल गाडी सात वर्षांची आहे. नोकरीनिमित्त रोज पहाटे साडेपाचला साताऱ्याहून कराडला निघावे लागते. थंडी पडल्यापासून दोन-तीनदा स्टार्टर मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही आणि वाटेत समोरची काच आतून धुरकट होते. गॅरेजमध्ये कूलंट बदलण्यास सांगितले आहे. तेवढ्याने भागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचा कूलंटशी, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी रेडिएटरमध्ये भरतात त्या द्रवाशी, संबंध दिसत नाही. साताऱ्यात पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरला, तरी रेडिएटरमधले पाणी गोठण्याची भीती नसते. कूलंट हवेच, पण ते गंज रोखण्यासाठी आणि खंबाटकीसारख्या घाटात पाणी उकळू नये म्हणून. त्याची मुदत संपली असेल तर अवश्य बदलावे.

सुरू न होण्याचे कारण आपल्याला घरीही ताडता येईल. किल्ली फिरवल्यावर मीटरमधले दिवे मंदावत असतील आणि इंजिन जड फिरत असेल, तर आधी बॅटरीवर संशय घ्यावा, कारण थंडीत तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावते आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे स्टार्टरला अधिक जोर लागतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी मीटरवर सुमारे 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे, आकडा 12.2 च्या आसपास असेल तर निम्मी उतरली आहे, असे समजावे. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट भुकटी हेही एक कारण असते, आणि ती साफ करायला फारसा खर्च येत नाही. याउलट इंजिन जोमाने फिरूनही पेट घेत नसेल, तर हीटर प्लग (डिझेल पेटावे म्हणून इंजिन आतून तापवणारे प्लग) तपासून घ्यावेत. किल्ली चालू केल्यावर दिसणारी पिवळ्या वेटोळ्याची खूण विझेपर्यंत स्टार्टर मारू नये. घाईत हे बहुतेकांकडून राहून जाते.

काचेचे म्हणाल, तर आपल्या श्वासातील बाष्प थंड काचेवर जमते. फडक्याने पुसत बसण्यापेक्षा आतलीच हवा फिरवणारे बटण बंद करावे, हवेचा झोत काचेकडे वळवावा आणि हीटरबरोबर एसीही चालू ठेवावा. थंडीत एसी लावणे अनेकांना विचित्र वाटते. परंतु हवेतील ओलावा तोच शोषून घेतो.

आपल्या रस्त्याबाबत मला खरी काळजी वाटते ती धुक्याची आणि उसाची. गळीत हंगामात नागठाणे-उंब्रजच्या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेपासून चालू असतात, आणि उसाच्या लोंबत्या वाढ्यांमुळे (हिरव्या शेंड्यांमुळे) मागचे रिफ्लेक्टर कित्येकदा झाकलेले असतात. धुक्यात अप्पर (दिव्यांचा लांबचा झोत) मारल्यास प्रकाश थेंबांवरून उलटून डोळ्यांवरच येतो, म्हणून डिपर (खाली वळवलेला झोत) आणि फॉगलॅम्प यांवरच चालवावे, आणि जेवढे दिसते तेवढ्या अंतरात गाडी थांबवता येईल एवढाच वेग ठेवावा.

प्रश्न : हिवाळ्यात टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी, असे ऐकले. खरे आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधील दाब आपोआपच सुमारे एक पीएसआयने घटतो. हवा सकाळी, गाडी पळवण्यापूर्वी तपासावी आणि चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेल्या आकड्याएवढीच भरावी.